लागलेलं आणि मुरलेलं : जुन्या अणुभट्टीच्या कचऱ्याच्या सरावाची नोंदवही

7 एप्रिल 2025, सोमवार

शेडची किल्ली आज मिळाली. नवी मुंबईतला बंद पडलेला कारखाना आहे. पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यात पाण्याचा नळ, वर हाताने ओढायची साखळी-क्रेन. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे बारा जणांना तयार करायचं आहे. जुनी संशोधन अणुभट्टी मोडताना निघणारा कचरा ओळखायचा कसा, वेगळा कसा करायचा, ड्रममध्ये भरायचा कसा आणि लिहून कसा ठेवायचा, एवढंच काम. सराव कोरडा आहे, किरणोत्सारी वस्तू एकही आणणार नाही.

सोबत मराठीत हस्तपुस्तिका लिहायची आहे. माझी सगळी नोकरी या कचऱ्यात गेली. त्या काळात जेवढ्या कार्यपद्धती हातात आल्या त्या सगळ्या इंग्रजीत होत्या, आणि ज्याचे हात हातमोज्यात असायचे तो माणूस त्या वाचू शकत नव्हता. त्याला कुणीतरी दोन वाक्यांत तोंडी सांगायचं. दोन वाक्यांत जे मावत नाही ते तिथेच सुटून जायचं. ही पुस्तिका मला फार वर्षांपासून लिहायची होती.

8 एप्रिल, मंगळवार

मॉक-अपचा, म्हणजे सरावाच्या नकली भट्टीचा, आराखडा पक्का केला. पूर्ण भट्टी बांधणं शक्य नाही, म्हणून एक फाक बांधतोय, कलिंगडाची कापावी तशी. आतून बाहेर येताना : अ‍ॅल्युमिनियमचं भांडं, ग्रॅफाइटचा थर, ओतीव लोखंडाच्या जाड पाट्या, आणि शेवटी जड काँक्रीटची भिंत.

मुलांना सांगायला उदाहरण ट्रॉम्बेच्या सायरसचं घेणार. खाडीपलीकडेच आहे, आणि नाव सगळ्यांनी ऐकलंय. 40 मेगावॅटची भट्टी, कॅनडाच्या मदतीने बांधलेली, 10 जुलै 1960 ला सुरू झाली. नैसर्गिक युरेनियमचं इंधन, मंदक म्हणून, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करायला, जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं). भारत-अमेरिका अणुकरारात दिलेल्या शब्दाप्रमाणे 31 डिसेंबर 2010 ला ती कायमची बंद केली. तिच्याही आधीची अप्सरा, 4 ऑगस्ट 1956 ची, आशियातली पहिली. तिच्या जागी नव्या रूपातली अप्सरा 10 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली.

भट्टी बंद झाली की इंधन काढून नेतात आणि जवळपास सगळी किरणोत्सारिता इंधनाबरोबर निघून जाते. मागे उरतं ते प्रमाणाने थोडं, पण आकाराने प्रचंड : काँक्रीट, लोखंड, नळ, पंप, वाळू, चिंध्या, हातमोजे. आमचा विषय हे उरलेलं.

9 एप्रिल, बुधवार

पहिला वर्ग. फळ्यावर मी दोन शब्द लिहिले होते, 'दूषण' आणि 'सक्रियण'. बारा चेहरे कोरे. मग साध्या भाषेत सांगितलं. एक म्हणजे पृष्ठभागावर बसलेली किरणोत्सारी धूळ किंवा ओल. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा खाऊन धातू स्वतःच किरणोत्सारी झालेला असतो, आतून.

मुकादम दगडूमामा मागच्या बाकावरून म्हणाले, "म्हणजे मॅडम, एक लागलेलं आणि एक मुरलेलं."

मी फळा पुसला आणि हे दोन शब्द लिहिले. यापेक्षा चांगले शब्द मला एवढ्या वर्षांत सुचले नव्हते. लागलेलं पुसता येतं, धुता येतं, खरवडता येतं. लोणच्याच्या फोडीत मुरलेलं मीठ धुऊन निघत नाही, तसंच हे. मुरलेल्यासाठी मार्ग दोनच : तेवढा भाग कापून वेगळा काढायचा, नाहीतर थांबायचं.

संदेशने विचारलं, "मुरतं नेमकं काय? लोखंड तर लोखंडच राहतं ना?" बरोबर प्रश्न. लोखंडात कोबाल्टचा अंश असतो, अगदी किरकोळ. साधा कोबाल्ट न्यूट्रॉन गिळतो आणि किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतो. काँक्रीटच्या खडीत युरोपियम असतं, दहा लाखांत एक भाग इतकंही बहुधा नाही. पण त्याची न्यूट्रॉनची भूक इतकी मोठी की त्यातून तयार झालेलं युरोपियम-152 पुढे कित्येक दशकं भिंतीच्या आतल्या बाजूला गॅमा किरण सोडत बसतं. ज्यांनी 1950च्या दशकात असं काँक्रीट ओतलं त्यांनी ताकद आणि वजन तपासलं. खडीत युरोपियम किती हे कोण तपासणार? आज भट्टी मोडणाऱ्याला पहिला शोध त्याचाच घ्यावा लागतो. बांधकामाच्या वेळची खडी कुठल्या खाणीतली, लोखंड कुठल्या ओतशाळेतलं, याचा कागद सापडला तर अर्धं काम झालं.

पुस्तिकेत 'लागलेलं' आणि 'मुरलेलं' हेच शब्द राहतील. शास्त्रीय शब्द शेजारी एकदाच.

16 एप्रिल, बुधवार

धूळ कशी पसरते ते दाखवायचं होतं. रानीपालची पूड आणली, पांढऱ्या कपड्यांना चमक यावी म्हणून घालतात ती. अतिनील दिव्याखाली ती निळसर उजळते. एका पाइपला ती चोळून ठेवली. चौघांनी हातमोजे घालून पाइप कापला, पिशवीत घातला, हातमोजे काढले. मग शेडचे दिवे बंद केले आणि अतिनील दिवा लावला.

सगळंच उजळलं. हातमोजे, बाही, पाठ, कॉलर. जे पाइपजवळ गेलेच नव्हते त्यांच्या सदऱ्यांवरही तीच चमक.

दोन मिनिटं मलाही उलगडेना. मग लक्षात आलं : कपडे धुण्याच्या पावडरीत हीच चमक आधीपासून असते. दिव्याखाली मी त्यांचे धुतलेले सदरे पाहत होते. कामाला सुरुवात करण्यापूर्वी कोऱ्या कपड्यांवर दिवा मारून बघायला हवा होता, आणि तो मी मारला नव्हता. प्रत्यक्ष कामावर हीच चूक झाली तर स्वच्छ काँक्रीट किरणोत्सारी म्हणून ड्रममध्ये जातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे किरणोत्सारी काँक्रीट स्वच्छ म्हणून बाहेर पडतं.

दुपारी न धुतलेली नवी कोरी सुती कापडं अंगावर बांधून सगळं पुन्हा केलं. आता खरं चित्र दिसलं. तिघांच्या मनगटावर निळी रेघ. हातमोजा काढताना तो बोटांच्या टोकाला धरून ओढला होता. रेश्माच्या मनगटावर काही नव्हतं. तिने पहिला मोजा आतून बाहेर उलटवला होता, आणि दुसरा मोजा मनगटाच्या आतून बोट घालून. तिला विचारलं, कुठे शिकलीस? "दवाखान्यात आया होते दोन वर्षं." उद्यापासून हातमोजे काढायला तीच शिकवेल.

पुस्तिकेत प्रत्येक मोजणीच्या रकान्याआधी एक रकाना वाढवला : 'आधीचं'.

22 एप्रिल, मंगळवार

पत्र्याखाली उकाडा असह्य. मुखवटा आणि पूर्ण अंगरखा घालून वीस मिनिटांच्या वर कुणी टिकत नाही. सराव सकाळी सात ते अकरावर आणला. ताक आणि मीठ-साखरेचं पाणी कामाच्या जागेपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवलं. खाणंपिणं कामाच्या जागी नाही, हा नियम कोरड्या सरावातही मोडायचा नाही.

29 एप्रिल, मंगळवार

मोजणीचा दिवस. गायगर यंत्राला टिकटिकायला काहीतरी हवं, म्हणून खताच्या दुकानातून पोटॅशची गोणी आणली. पोटॅशियमचा थोडासा भाग, पोटॅशियम-40, निसर्गतःच किरणोत्सारी असतो. पोटॅशियम क्लोराइडच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे 16 विघटनं होतात, म्हणजे 16 बेक्वेरल.

यंत्र गोणीला टेकवलं आणि टिकटिक वाढली. सगळे दोन पावलं मागे. दगडूमामा म्हणाले, "हे तर आम्ही दरवर्षी शेतात टाकतो."

"हो मामा. आणि तुमच्या अंगातही आहे. सत्तर किलोच्या माणसात सुमारे चार हजार बेक्वेरल पोटॅशियम-40 असतं. केळं खा, भाकरी खा, ते येतच राहतं."

भीती कमी करायला एवढं पुरे, पण काम इथे संपत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या प्रमाणातल्या भंगारात कोबाल्ट-60 एका ग्रॅमला 0.1 बेक्वेरलच्या खाली असेल तरच ते साधं भंगार म्हणून मोकळं करता येतं. सीझियम-137 आणि युरोपियम-152 साठीही आकडा तोच. ट्रिटियमला, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनला, 100, कारण त्याचे किरण फार दुबळे. मर्यादा अशा बसवल्या आहेत की त्या मालापासून कुणालाही वर्षाला 10 मायक्रोसिव्हर्टच्या आसपासच मात्रा मिळावी (मात्रा म्हणजे अंगावर पडलेले किरण, सिव्हर्ट हे तिचं माप). सर्वसामान्य माणसासाठीची वार्षिक मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे शंभर पट. आता काँक्रीटमध्ये पोटॅशियम-40 मुळातच ग्रॅमला काही दशांश बेक्वेरल असू शकतं. म्हणजे ज्याला शोधायचं आहे त्याच्याहून निसर्गाचा आवाज मोठा. नुसती टिकटिक मोजून चालणार नाही. कुठल्या ऊर्जेचे किरण येताहेत ते पाहावं लागतं : कोबाल्ट-60 चे 1173 आणि 1332, पोटॅशियमचे 1460 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. शेजारीशेजारी बसलेली तीन शिखरं. वर्णपटमापक आणून प्रत्येकाला पडद्यावर पोटॅशियमचं शिखर स्वतः शोधायला लावलं. संदेशला सगळ्यांत आधी सापडलं.

ट्रिटियमचं वेगळं सांगितलं. जड पाणी न्यूट्रॉन खाऊन ट्रिटियमयुक्त होतं, आणि जिथे ते गळलं तिथल्या काँक्रीटमध्ये ओलीसारखं भिनतं. त्याचे किरण हवेत फार तर काही मिलिमीटर जातात. हातातलं यंत्र त्याच्यासमोर गप्प राहतं. नमुना नेऊन प्रयोगशाळेतच बघावं लागतं, आणि तो नमुना गरम करून वाळवायचा नाही, नाहीतर जे मोजायचं तेच उडून जातं.

2 मे, शुक्रवार

आज जेवणानंतर वाद रंगला. संदेशचं म्हणणं, कोबाल्ट आपोआप कमी होतो ना? मग घाई कशाला? कुलूप लावा, पन्नास वर्षांनी या.

फळ्यावर हिशोब मांडला. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, 5.27 वर्षं. सायरस बंद होऊन चौदा वर्षांवर झाली. त्या दिवशी लोखंडात जेवढा कोबाल्ट-60 होता त्याचा सहावा-सातवा हिस्साच आज उरला असणार. युरोपियम-152 चं अर्धायुष्य साडेतेरा वर्षांचं, ते जेमतेम निम्म्यावर. म्हणजे संदेशचं म्हणणं आकड्यांत खरं आहे. कामगाराच्या अंगावर पडणारी मात्रा थांबल्याने कमी होते, आणि भारतात किरणोत्सारी कामात पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, एका वर्षात 30 च्या वर कधीच नाही, अशी मर्यादा असल्यामुळे याला किंमत आहे.

पण दुसरी बाजू मी त्यांना तळमळीने सांगितली, कारण ती मी पाहिली आहे. लोखंडात निकेल-63 सुद्धा तयार होतं. अर्धायुष्य शंभर वर्षांचं. ते गॅमा सोडत नाही, बाहेरून दिसत नाही. ते किती आहे हे काढायची व्यवहारातली रीत अशी की कोबाल्ट-60 मोजायचा आणि ठरलेल्या गुणोत्तराने निकेलचा अंदाज बांधायचा. कोबाल्ट हा दिवा आहे, त्याच्या उजेडात बाकीचे दिसतात. पन्नास वर्षं थांबलात तर दिवा विझतो आणि न दिसणारे तिथेच बसलेले असतात.

आणि माणसं. कुठल्या साली कुठला नळ गळला, कुठल्या खड्ड्यात काय टाकून वर सिमेंट ओतलं, हे ज्यांना ठाऊक असतं ते निवृत्त होतात, गावी जातात, जग सोडून जातात. एकदा एका जुन्या जागी आराखड्यात नसलेला नळ आम्हाला भिंतीत सापडला होता. तो कशाचा हे सांगणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्या एका नळासाठी तीन महिने काम थांबलं.

9 मे, शुक्रवार

डायमंड वायर सॉने काँक्रीटचा ठोकळा कापला. हिऱ्याचे मणी ओवलेली तार ठोकळ्याभोवती फिरते, वरून पाणी. आवाज कमी, धूळ जवळजवळ नाही, कापलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत. सगळे खूश.

मग खाली बघितलं. पाणी आणि काँक्रीटची पिठी मिळून राखाडी गाळ, दोन ड्रम भरून. भिंत मुरलेली असेल तर हा गाळही मुरलेलाच, आणि तो आता वाहतो, फटीत शिरतो, नाल्याकडे धावतो. घट्ट ठोकळा हा सोपा कचरा होता. तो आम्ही कापून अवघड केला.

त्यामुळे क्रम उलटा करायचा : गाळ कुठे जमेल, कसा निवळेल, पाणी परत तारेवर कसं फिरवता येईल, हे आधी ठरवायचं, मग तार लावायची. दगडूमामांनी विटांचा बांध घालून त्यावर ताडपत्री पसरली आणि उतार एका खड्ड्याकडे काढला. भाताच्या खाचराला बांध घालणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

14 मे, बुधवार

अ‍ॅल्युमिनियम. या दिवसाची मी वाट पाहत होते.

जुन्या संशोधन भट्ट्यांत अ‍ॅल्युमिनियम भरपूर वापरलेलं असतं, कारण ते न्यूट्रॉन फार गिळत नाही आणि त्याच्यात तयार होणारं अ‍ॅल्युमिनियम-28 काही मिनिटांत नाहीसं होतं. उरतो तो मिश्रधातूंतल्या अंशांचा त्रास. सायरसचं भांडंही अ‍ॅल्युमिनियमचंच. किरणांच्या बाजूने हा गुणी धातू. पण कचरा घट्ट करायची आपली नेहमीची रीत म्हणजे सिमेंट, आणि ओलं सिमेंट असतं कडक अल्कधर्मी.

काचेच्या बरणीत सिमेंटचा पातळ घोळ घेतला आणि जुन्या पातेल्याचा, घासून चकाकवलेला, तळहाताएवढा तुकडा त्यात बुडवला. पाचेक मिनिटं काहीच नाही. मग तुकड्याच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे वर येऊ लागले. थोड्या वेळाने घोळाचा पृष्ठभाग आंबलेल्या इडलीच्या पिठासारखा फुगून आला. रेश्मा कान लावून बसली होती. म्हणाली, "मॅडम, चरचरतंय."

तो हायड्रोजन. एक किलो अ‍ॅल्युमिनियम असं पूर्ण झिजलं तर बाराशे लिटरहून जास्त वायू. बंद ड्रममध्ये हे घडलं तर झाकण उचलतं, सिमेंट आतून भेगाळतं, आणि ठिणगी मिळाली तर काय होईल ते सांगायला नको.

15 मे, गुरुवार

बरणीतलं सिमेंट घट्ट झालं. फोडलं. अ‍ॅल्युमिनियमभोवती जाळीदार पोकळी, हाताने चुरा होतो. प्रत्येकाने तो चुरा बोटांत घेऊन पाहिला. पुस्तिकेत नियम लिहिला : अ‍ॅल्युमिनियम लोखंडाबरोबर एका ड्रममध्ये नाही, सिमेंट ओतण्याआधी चुंबक फिरवायचा, चिकटत नाही ते बाजूला. पुढे त्यासाठी कमी अल्कधर्मी बंधक की गाळणीचं श्वासछिद्र असलेलं झाकण, हे अभियंत्याने ठरवायचं; पण वेगळं काढणं हे काम कामगाराच्या हातून होतं.

ग्रॅफाइटबद्दलही आजच सांगून टाकलं. कमी तापमानात न्यूट्रॉन खाल्लेल्या ग्रॅफाइटमध्ये ऊर्जा साठून राहते. ऑक्टोबर 1957 मध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केलला ही साठलेली ऊर्जा मोकळी करण्यासाठी भट्टी तापवताना आग लागली होती. म्हणून ग्रॅफाइट भरण्याआधी नमुना तापवून बघतात. शिवाय त्यात कार्बन-14 असतो, अर्धायुष्य सुमारे 5,700 वर्षांचं.

26 मे, सोमवार

पाऊस. मुंबईत मोसमी पाऊस आज दाखल झाला, मे महिन्यातच. शेडपर्यंत पोचायला तीन तास लागले.

बाहेर ताडपत्रीखाली ठेवलेले सरावाचे अठरा ड्रम भिजले. ताडपत्री वाऱ्याने उडाली होती. ड्रमवर मार्करने लिहिलेले आकडे पुसले गेले, चिकटवलेल्या कागदी चिठ्ठ्यांचा लगदा झाला. अठरापैकी सात ड्रमांत काय आहे ते आता कुणालाच सांगता येईना. भरणारे हेच लोक, भरून पंधरा दिवस झालेत, तरीही. "हा काँक्रीटचा." "नाही, यात पाइप होते." शेवटी सात ड्रम उघडावे लागले.

खऱ्या कामात ड्रम उघडणं म्हणजे पुन्हा तीच मात्रा अंगावर घेणं. चिठ्ठी टिकली असती तर ती घ्यावी लागली नसती. मी आज रागावले नाही. सातही ड्रम रांगेत मांडले आणि प्रत्येकाला आपण भरलेला ओळखायला सांगितलं. दोन जणांना जमलं.

28 मे, बुधवार

पत्र्याच्या पट्ट्यांवर ठोकून उठवलेले आकडे, तारेने कडीला बांधलेले. ड्रमवर तोच आकडा वेल्डिंगने. वहीत तोच आकडा, दोन प्रतींत, दोन वेगळ्या इमारतींत.

रेश्माने पिवळ्या फलकाकडे बोट दाखवलं : "हा पंखा कसला?" खरंच पंख्यासारखाच दिसतो. तीन पाकळ्यांचं ते चिन्ह बघून धोका समजत नाही, हे जगभर दिसून आलं, म्हणूनच 2007 मध्ये मोठ्या स्रोतांसाठी लाल त्रिकोणातलं नवं चिन्ह आलं, कवटी आणि पळणारा माणूस असलेलं.

त्यावरून मायापुरीची हकिगत सांगितली. 1968 मध्ये विकत घेतलेलं, कोबाल्ट-60 भरलेलं एक उपकरण एका विद्यापीठात 1985 पासून वापराविना पडून होतं. 2010 मध्ये ते लिलावात भंगार म्हणून गेलं. दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगारवाल्यांनी ते कापलं. एकाचा जीव गेला, इतर अनेकांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते भट्टी मोडताना निघालेलं नव्हतं, पण प्रश्न आपलाच आहे. पंचवीस वर्षांत आत काय आहे ते सांगणारं कुणी उरलं नाही, आणि ज्याने कापलं त्याला पंख्याचा अर्थ माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला त्या माणसाबद्दल आजही वाईट वाटतं. त्याने फक्त रोजचं काम केलं होतं.

4 जून, बुधवार

घड्याळ लावून सराव. फाकीच्या आतल्या भागातला एक बोल्ट सोडवायचा, पिशवीत घालायचा, बाहेर यायचं. नव्वद सेकंद.

नव्वद का, तर सायरसच्या थोरल्या बहिणीमुळे. सायरस ज्या धाटणीची, ती कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरएक्स. 12 डिसेंबर 1952 ला तिथे अपघात होऊन गाभा खराब झाला. साफसफाईला आलेल्यांत अमेरिकी नौदलाचा तरुण अधिकारी जिमी कार्टर होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो. कार्टर यांनी नंतर सांगितलं आहे की जवळच्या टेनिस कोर्टावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभी केली होती. तिच्यावर तालीम करायची, आणि मग आत जाऊन नव्वद सेकंदांत नेमून दिलेले नटबोल्ट काढून परत यायचं. खराब झालेलं भांडं काढून जमिनीत पुरलं, नवं बसवलं, आणि चौदा महिन्यांत भट्टी पुन्हा सुरू झाली.

पहिल्या फेरीत आमचे सरासरी साडेतीन मिनिटं. पाना हातातून पडतो, पिशवीचं तोंड सापडत नाही. सातव्या फेरीला रेश्मा 84 सेकंदांत बाहेर आली. काही जण अजून दोन मिनिटांवर आहेत. किरणांपासून वाचवतात ती वेळ, अंतर आणि मधली आड, म्हणजे किरण अडवणारी भिंत; या तिन्हींत कामगाराच्या स्वतःच्या हातात असते ती वेळ.

10 जून, मंगळवार

भरलेले ड्रम पुढे जातात कुठे, हा प्रश्न दगडूमामांनी विचारला. त्यांना तो पहिल्या दिवसापासून विचारायचा होता, असं म्हणाले.

आपल्याकडे जमिनीलगतच्या जागा आहेत. पृष्ठभागावरची मात्रा बघून कचरा दगडी अस्तराच्या चरांत, पोलादी काँक्रीटच्या चरांत किंवा सुमारे चार मीटर खोल नळकांड्यांच्या विवरांत जातो. भोवतीच्या विहिरींतलं पाणी तपासत राहतात. देखरेखीचा काळ धरलाय 300 वर्षांचा. सीझियम-137 चं अर्धायुष्य तीस वर्षं, दहा अर्धायुष्यांत ते हजारावा हिस्सा उरतं. पण कार्बन-14 त्या 300 वर्षांत चार टक्केही घटत नाही, त्यामुळे ग्रॅफाइटचा विचार वेगळा करावा लागतो.

डेन्मार्कचं उदाहरण दिलं. त्या देशाने अणुवीज कधीच केली नाही. रिसोला फक्त तीन संशोधन भट्ट्या होत्या, शेवटची 2001 मध्ये बंद झाली. मोडण्याचा निर्णय 2003 मध्ये झाला, मोडायचं तंत्र सापडलं, माणसं सापडली. सापडली नाही ती जागा. एकेका गावाने नको म्हटलं. 2018 मध्ये संसदेने ठरवलं की कचरा फार तर 2073 पर्यंत साठवून ठेवायचा आणि तोवर कायमची जागा शोधायची. सगळ्यांत अवघड माल कुठला, तर प्रयोगांतून उरलेले वापरलेल्या इंधनाचे तुकडे, 233 किलो. माझ्या मते दोष गावांचा नाही. त्यांना विचारायला लोक गेले ते फार उशिरा, नकाशावर खूण करून झाल्यावर.

14 जून, शनिवार

सुट्टीच्या दिवशी पुण्याला जाऊन आले. पुराभिलेखागारात काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी पेशवे दफ्तरातला एक रुमाल सोडून दाखवला. लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, त्यालाच रुमाल म्हणतात.

तीनशे वर्षं मागे गेलं की आपण 1725 ला पोचतो, थोरल्या बाजीरावांच्या काळात. म्हणजे मी मामांना जो आकडा सहज सांगितला तो एवढा लांबचा आहे. अठराव्या शतकातला तो कागद हातकागद होता, शाई काजळीची. काळीभोर, जराही फिकी नाही. पावसात वाहून गेलेला आमचा मार्कर डोळ्यांसमोर आला. भाषा मराठीच. आणि मला एक ओळ वाचता आली नाही, कारण लिपी मोडी. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवत असत ती. माझ्या आजोबांना येत होती.

कागद टिकला, शाई टिकली, भाषा टिकली, आणि तरी मी त्याच्यापुढे अडाणी. बाईंनी वाचून दाखवलं : कुठल्याशा गावच्या धान्याचा हिशोब, मापं कुडव आणि पायली. मापांचा अर्थही त्यांनाच सांगावा लागला.

परतीच्या गाडीत पुस्तिकेचा शेवटचा भाग पुन्हा लिहायला घेतला. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर बेक्वेरल म्हणजे काय ते शब्दांत आणि चित्रात : सेकंदाला एक ठिणगी. ड्रमचा आकडा अंकांत आणि अक्षरांत. एकाच पानावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी, म्हणजे एक लिपी विसरली तर दुसरीवरून उलगडता येईल. शाई काजळीची. दर पंचवीस वर्षांनी वही वाचून नव्याने उतरवण्याची जबाबदारी पदाच्या नावाने, माणसाच्या नावाने नाही.

20 जून, शुक्रवार

शेवटची फेरी. सकाळी सात ते साडेदहा. फाकीचा उरलेला भाग मोडला. बावीस ड्रम, त्यांतले तीन अ‍ॅल्युमिनियमचे, वेगळे, श्वासछिद्राची झाकणं लावलेले. गाळ बांधाच्या आत राहिला. नव्वद सेकंदांत आले नऊ जण. उरलेल्या तिघांना पुढच्या आठवड्यात मी पुन्हा घेणार, त्यांना तसं न शिकवता आत पाठवायला माझी तयारी नाही.

दुपारी परीक्षा घेतली. कुठलाही ड्रम बोटाने दाखवायचा आणि वहीतून त्याचं सगळं सांगायचं : काय आहे, कुठून कापलं, लागलेलं की मुरलेलं, आधीची मोजणी, नंतरची मोजणी, कुणी भरलं. अकरावा ड्रम दाखवला तेव्हा दगडूमामांनी वही चाळली आणि थांबले. 'आधीचं' हा रकाना रिकामा होता. त्यांनीच भरलेला ड्रम. ते उठले, यंत्र घेतलं, मग म्हणाले, "आता मोजून उपयोग नाही, मॅडम. आधीचं ते गेलं."

त्यांनी रकान्यात आजची तारीख घातली, 'राहून गेलं' असं लिहिलं आणि खाली सही केली. ड्रम बाजूच्या रांगेत गेला. सोमवारी तो उघडायचा, रिकामा करून पुन्हा भरायचा. क्रेन साडेसातला मागवली आहे.